दंतोपचारातील जलशुद्धता

दंतवैद्याच्या खुर्चीला जोडलेल्या बारीक नळ्यांतून ड्रिल व फवाऱ्याला मिळणाऱ्या पाण्यातील जिवाणूंचे प्रमाण मर्यादेत राखणे म्हणजे दंतोपचारातील जलशुद्धता होय.

या नळ्यांत पाणी साचून राहिल्याने आतील पृष्ठभागावर जिवाणूंचा चिकट थर (जैवपटल) तयार होतो. २०११ मध्ये इटलीत दंतोपचारानंतर एका ८२ वर्षीय महिलेचा लिजिओनेलाच्या संसर्गाने मृत्यू झाला. तोच जिवाणू दवाखान्यातील जलनलिकेत आढळला.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार, सामान्य उपचारांच्या पाण्यात प्रति मिलिलिटर जिवाणू-वसाहतींची संख्या ५०० पेक्षा अधिक नसावी. प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी वाहू दिले जाते. तथापि त्याने जैवपटल निघत नसल्याने नळ्यांत जंतुनाशकाचा नियमित वापर आवश्यक ठरतो. शस्त्रक्रियेसाठी मात्र निर्जंतुक द्रवच वापरतात.