फलनात्मक आज्ञावलीलेखन : कळफलकावरील आदान

संगणकाची आज्ञावली गणितातील फलनांच्या रूपात रचण्याच्या पद्धतीस फलनात्मक आज्ञावलीलेखन म्हणतात. शुद्ध फलनास तेच आदान पुन्हा दिल्यास तेच उत्तर मिळते. कळफलकाच्या बाबतीत तसे घडत नाही. ‘पुढील अक्षर वाच’ ही आज्ञा दोनदा दिल्यास दोन भिन्न अक्षरे मिळू शकतात. शिवाय संवादी आज्ञावलीत प्रश्न आधी व उत्तर नंतर, हा क्रम अनिवार्य असतो.

लिस्प व एमएल या भाषांनी शुद्धतेला मुरड घालून वाचनाची थेट सोय ठेवली. ज्या भाषांत मूल्य गरज पडेल तेव्हाच काढले जाते, त्यांत क्रमाची शाश्वती नसल्याने हा मार्ग बंद होता. पीटर लँडिन यांनी १९६५ मध्ये मांडलेली प्रवाहाची कल्पना येथे उपयोगी पडली. कळफलकावरील सर्व अक्षरे ही एक सलग यादी मानली, की आज्ञावली म्हणजे त्या यादीपासून पडद्यावरील अक्षरांची यादी देणारे फलन ठरते. मात्र आदानाचे एखादे अक्षर आवश्यकतेपूर्वीच तपासले गेल्यास प्रश्न उमटण्याआधीच आज्ञावली उत्तराची वाट पाहत थांबते.

तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचे नाव दिलेल्या हास्केल भाषेच्या १९९० च्या पहिल्या अहवालात विनंत्या व प्रतिसाद अशा दोन यादींची योजना होती. तीही वापरण्यास अवघड ठरली. यूजेनिओ मॉज्जी यांनी १९८९ मध्ये ‘मोनॅड’ या गणिती संकल्पनेचा संगणनाशी संबंध दाखविला. तिच्या आधारे सायमन पेटन जोन्स व फिलिप वॉडलर यांनी १९९३ मध्ये आदान-प्रदानाची नवी पद्धत मांडली व १९९६ मध्ये ती हास्केलच्या १.३ आवृत्तीत आली. या पद्धतीत ‘ओळ वाच’ ही प्रत्यक्ष कृती नसून कृतीचे वर्णन करणारे मूल्य असते. अशी मूल्ये क्रमाने जोडली जातात आणि आज्ञावली चालविणारी यंत्रणा ती अंमलात आणते. त्यामुळे फलने शुद्ध राहतात व क्रमही निश्चित होतो.

एक व्यावहारिक अडचण मात्र उरते. सामान्यतः टर्मिनल एंटर कळ दाबल्यावरच संपूर्ण ओळ आज्ञावलीच्या स्वाधीन करते. खेळ किंवा संपादक यांसारख्या एकेका कळीस प्रतिसाद देणाऱ्या आज्ञावलीत ही साठवण बंद करावी लागते. तसेच ओळ पूर्ण न करणारा प्रश्न साठ्यातच अडकू नये म्हणून तो पडद्यावर मुद्दाम पाठवावा लागतो.

वाचन व विचार यांची ही फारकत हेच या पद्धतीचे मुख्य फलित होय. उत्तर ठरविणारा भाग शुद्ध फलनांत राहिल्याने तो कळफलकाविनाही तपासता येतो.