पहिल्या पायरीवरची तलवार

बक्षीस केव्हा द्यावे आणि किती द्यावे, हा प्रश्न राजदरबाराला जसा पडतो तसा खेळालाही पडतो. पराक्रमाच्या आधी हाती आलेले बक्षीस पराक्रमाची इच्छा मंदावते. पराक्रमानंतरही न मिळालेले बक्षीस खेळाडूला उठून घरी जायला लावते. अमेरिकेत गेल्या अर्धशतकात वाढलेल्या एका खेळाने हा प्रश्न इतक्या निरनिराळ्या रीतींनी सोडवून पाहिला आहे की, त्या प्रयत्नांची हकीकत म्हणजे नियम आणि विवेक यांच्या झगड्याचाच एक छोटा इतिहास होय. त्या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’.

या खेळात चारपाच मंडळी टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक. सूत्रधार भुयारांचे आणि त्यांतील राक्षसांचे वर्णन करतो, आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात, आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. शेवटी कोणी जिंकत नाही. पात्र जगले तर अनुभवाचे गुण मिळवीत ते पायरी पायरीने वर चढते. पहिल्या पायरीवरचे पात्र मात्र फार नाजूक असते. मूळ नियमांत तेथील मांत्रिकाला दिवसाकाठी एकच मंत्र येई, आणि तलवारीचा एक घाव त्याचा प्राण घेण्यास पुरेसा होऊ शके. अशा दुबळ्या पात्रांच्या हाती भारलेली तलवार, अंगठी किंवा औषध केव्हा द्यावे, हा येथला विषय आहे.

खेळाची वंशावळ पाहिली तर तिचे मूळ आपल्या चतुरंगापर्यंत जाते. चतुरंगातून बुद्धिबळ झाले; बुद्धिबळावरून ब्रन्सविक येथील हेल्विग याने १७८० मध्ये युद्धाचा खेळ रचला; आणि १८२४ मध्ये राइसवित्स या अधिकाऱ्याचा युद्धखेळ प्रशियाच्या सैन्याने शिक्षणासाठी स्वीकारला. त्यात कोष्टके होती, फासे होते आणि एक पंचही होता. पुढे कोष्टकांचा भार असह्य झाला, तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनानीने असे प्रतिपादन केले की, अनुभवी पंच असेल तर कोष्टकांची गरज नाही. त्याचा विवेक पुरेसा आहे. हा वाद ध्यानात ठेवावा. पुढील सर्व कथेत तोच वेषांतर करून येतो.

१९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेसली याने युद्धखेळातील प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्याचा सहकारी डेव्ह आर्नेसन याने त्या रीतीला भुयारे आणि राक्षस जोडले. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या लहान गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सने आर्नेसनसह त्याचे नियम सिद्ध केले, आणि १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिका असलेला संच छापून निघाला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या १०००.

त्या पुस्तिकांत भारलेल्या वस्तूंचे शंभर अंकांचे एक कोष्टक आहे. त्यात तलवारींना २० अंक आहेत, तर औषधांना २५ आणि मंत्रांच्या गुंडाळ्यांना २०. म्हणजे शंभरातील ४५ वेळा हाती येणारी वस्तू वापरताच संपून जाई. पण उरलेल्या अंकांत काय येईल याला धरबंध नव्हता. कौल चांगला पडला तर नवख्यालाही अद्भुत शस्त्र लाभे. शिवाय मिळालेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे अनुभवाचा एक गुण असल्याने बक्षीस हीच चढण्याची शिडी होती. लेक जिनिव्हात याने फारसे बिघडले नाही. तेथला सूत्रधार आपल्या मंडळींना ओळखत होता. कौल अवाजवी वाटला तर तो मोडण्याचा अधिकार त्याला होता आणि अक्कलही होती. पण पुस्तिका टपालाने दूर गेल्या, आणि गायगॅक्सचा विवेक काही त्या पाकिटात घालता येत नव्हता.

परिणाम लवकरच दिसला. उदार सूत्रधारांची पात्रे महिन्यांत देवांच्या बरोबरीला पोचली. १९७६ मध्ये देवदेवतांवरील पुरवणीच्या प्रस्तावनेत संपादक टिम कास्क याने अशा सूत्रधारांना ‘माँटी हॉल’ म्हणून टोला दिला. माँटी हॉल हा १९६३ पासून दूरचित्रवाणीवर बक्षिसे वाटणाऱ्या एका कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात गायगॅक्सने हाच इशारा विस्ताराने दिला, आणि एक चतुर तोडही काढली. सर्वांत साधी भारलेली तलवार जवळ ठेवली तर ४०० गुण. विकली तर २००० सुवर्णमुद्रा, आणि मुद्रेमागे एक गुण. योद्ध्याला दुसरी पायरी गाठण्यास २००१ गुण लागत. म्हणजे आज शस्त्र की उद्याची उन्नती, हा पेच खेळाडूपुढे टाकून त्याचा लोभच त्याचा लगाम केला.

तरीही विवेक शिकवावा लागतोच. १९७८ मध्ये माइक कार याने नवशिक्यांसाठी लिहिलेल्या साहसात भुयाराचा नकाशा दिला, राक्षसांची व खजिन्यांची यादी दिली, पण कोणत्या दालनात काय ठेवावे हे शिकाऊ सूत्रधारावरच सोपवले. औदार्याचा तो पहिला पाठ होता.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने पारडे पूर्णपणे नियमाकडे झुकवले. प्रत्येक पायरीला किती संपत्ती शोभते याचे कोष्टकच आले: दुसऱ्या पायरीला ९०० सुवर्णमुद्रा, तिसरीला २७००, विसाव्या पायरीला ७,६०,०००. तलवार भारण्याची किंमतच २००० मुद्रा असल्याने दुसऱ्या पायरीवरच्या पात्राला ती परवडू नये हे उघड झाले. परक्या गावच्या सूत्रधारालाही न्यायाने वागता येऊ लागले, हा मोठा लाभ. पण बक्षिसाची वेतनश्रेणी झाली. जे अवचित लाभायचे ते हक्काचे ठरले, आणि थकबाकी मागावी तशी तलवार मागितली जाऊ लागली. शासकीय सेवेतील वाचकांना याहून अधिक सांगणे नको. २००८ च्या आवृत्तीत तर भारलेली वस्तू गणितात इतकी गृहीत धरली होती की, ती नसलेले पात्र मागे पडे. २०१४ मध्ये उलट पाऊल पडले: वस्तू गणिताबाहेर काढल्या, त्यांच्या दुर्मिळतेच्या श्रेणी ठरवल्या, आणि प्रबळ वस्तूंपैकी एका वेळी तीनांशीच पात्राचा अनुबंध जुळावा असे बंधन घातले. २०१७ च्या एका पुस्तकाने पहिल्या चार पायऱ्यांसाठी सगळ्या मंडळींत मिळून दोन मोठ्या आणि नऊ किरकोळ वस्तू असे माप सुचवले.

या साऱ्या फेऱ्यांमागे एक साधे गणित आहे. वीस बाजूंच्या फाशावर एकाची भर म्हणजे शंभरात पाच. तिहेरी भारलेली तलवार प्रत्येक घावाला शंभरात पंधरांची भर घालते, आणि ती कायमची. नवख्या मंडळींत एकाच्याच हाती ती पडली तर सूत्रधार तोल राखण्यासाठी बलवान राक्षस आणतो. त्या राक्षसांपुढे तलवारवाला टिकतो. ज्यांच्याकडे ती नाही ते मरतात, किंवा नुसते बघे होतात. दिलेले परत घेतले तर रोष येतो. उलटपक्षी घाव भरून काढणारे औषध, भिंतीवर आपोआप चढणारा दोर, एकदाच वाचता येणारा मंत्र, ही बक्षिसे निकाल ठरवीत नाहीत. ती वाट उघडतात, आणि त्या वाटेने जायचे की नाही हे खेळाडूच्या बुद्धीवर राहते. पहिल्या पायरीला शोभणारे दान ते हेच.

गायगॅक्स २००८ मध्ये आणि आर्नेसन २००९ मध्ये निवर्तला. त्यांच्या मागे कोष्टके बदलत राहिली. वाद मात्र १८७६ चाच राहिला. फेर्डीचे म्हणणे खरे होते, पण अनुभवी पंच हाताशी असेल तेवढेच. जेथे तो नाही, तेथे कोष्टक हे आधीच्या सूत्रधारांच्या चुकांचे टिपण म्हणून उपयोगी पडते. ते नवख्या सूत्रधाराने जवळ ठेवावे, आणि देण्यापूर्वी समोर बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे एकदा पाहावे. कारण तलवार एकाला मिळते, पण खेळ सर्वांचा असतो.