उन्हाळी वाचनाची यादी: अमेरिकी शाळेतील एका प्रथेचा पूर्वेतिहास

अमेरिकेतील मिडल स्कूलमध्ये, म्हणजे साधारणतः सहावी ते आठवीच्या शाळेत, वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण ही कौशल्ये ‘लँग्वेज आर्ट्स’ या एकाच विषयात शिकविली जातात, आणि तो विषय शिकविणारा शिक्षक सुटी लागण्यापूर्वी विद्यार्थ्यांना पुस्तकांची एक यादी देतो. या प्रथेची मुळे दोन ठिकाणी सापडतात: नेमलेल्या पुस्तकांची यादी महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेतून आली आणि सुटीत वाचण्याची कल्पना सार्वजनिक ग्रंथालयांतून.

मुले शेतीच्या कामाला मोकळी असावीत म्हणून उन्हाळी सुटी पडली, हा समज रूढ असला तरी टिकणारा नाही. पेरणी वसंतात आणि कापणी शरदात होत असल्यामुळे खेड्यांतील शाळा बहुधा हिवाळ्यात व उन्हाळ्यातच भरत, तर 1840च्या दशकात न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरांतील शाळा वर्षाला सुमारे 250 दिवस चालत. शतकाच्या उत्तरार्धात कोंदट वर्गांतील उकाडा, अतिअभ्यासाने मुलांच्या मेंदूवर ताण पडतो ही तत्कालीन धारणा आणि उन्हाळ्यात शहर सोडणारी सुखवस्तू कुटुंबे, या कारणांनी लांब सुटी स्थिरावली.

हार्वर्ड महाविद्यालयाने 1874च्या प्रवेशपरीक्षेसाठी शेक्सपिअर, गोल्डस्मिथ व स्कॉट यांच्या ठरावीक कृती आधी जाहीर करून त्यांवर निबंध लिहिण्याची अट घातली, इतर महाविद्यालयांनीही तोच मार्ग धरला, आणि माध्यमिक शाळांत इंग्रजीच्या तासाला काय वाचावे हे परीक्षकांच्या सोयीने ठरू लागले. या याद्यांविरुद्धचा असंतोष एवढा वाढला, की 1911 साली शिकागोत ‘नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश’ ही इंग्रजी शिक्षकांची संघटना स्थापन होण्यामागे तो एक प्रमुख कारण ठरला. यादीविरुद्ध उठलेला हा शिक्षकवर्ग पुढे स्वतःच याद्या करू लागला, हा इतिहासाचा मिस्किलपणाच म्हणावा लागेल.

ग्रंथालयांची वाट निराळी होती. हार्टफर्डच्या ग्रंथपाल कॅरोलाइन ह्युइन्स यांनी 1882 मध्ये मुलांसाठी निवडक पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली, क्लीव्हलंडमध्ये लिंडा ईस्टमन यांच्या पुढाकाराने 1897 साली पुस्तके जपण्याची शपथ घेणाऱ्या बालवाचकांची ‘लायब्ररी लीग’ निघाली, आणि शतक संपता संपता पिट्सबर्गच्या ग्रंथपालांनी उन्हाळ्यात क्रीडांगणांवर पुस्तके नेण्यास आरंभ केला. येथे परीक्षा नव्हती. मात्र किती पुस्तके वाचली हे मोजून प्रमाणपत्र देण्याची चाल पुढे ग्रंथालयांतही शिरली.

शाळेने सुटीतील वाचनाला आपले काम मानावे, यासाठी सर्वांत भक्कम पुरावा समाजशास्त्रज्ञ बार्बरा हाइन्स यांच्या 1978 मधील ग्रंथाने पुरविला. अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या सुमारे 3,000 विद्यार्थ्यांच्या या अभ्यासात असे दिसले, की शाळा चालू असताना गरीब व संपन्न घरांतील मुलांच्या प्रगतीतील अंतर फारसे वाढत नाही, ते सुटीत वाढते. सुटीत वाचलेल्या पुस्तकांची संख्या आणि पुढील प्रगती यांचा संबंध सर्व आर्थिक थरांत टिकतो. आणि या काळात मुलांच्या बौद्धिक वाढीला सार्वजनिक ग्रंथालयाइतका हातभार अन्य कोणतीही सार्वजनिक संस्था, अगदी उन्हाळी शाळाही, लावत नाही. मुले ग्रंथालयात जातात की नाही हे ते घरापासून किती दूर आहे यावरही अवलंबून असल्याचे आढळल्यामुळे, ज्याच्या घरी पुस्तके नाहीत आणि जवळपास ग्रंथालयही नाही त्याला यादी देऊन शिक्षकाने नेमके काय दिले, हा प्रश्न उभा राहिला. सुटीत मुले खरोखरच मागे पडतात का, की ते काही अंशी चाचण्यांच्या गुणांकनपद्धतीमुळे भासते, याविषयी अलीकडे संशोधकांत मतभेद आहेत; पुस्तके हाताशी असण्याचा प्रश्न त्याने मिटत नाही.

या प्रश्नाला रिचर्ड ॲलिंग्टन व ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात थेट हात घातला. फ्लोरिडातील गरीब वस्त्यांमधील प्राथमिक शाळांच्या मुलांना त्यांनी सलग तीन उन्हाळे, यादी न देता, दर वर्षी 12 पुस्तके स्वतः निवडून कायमची घरी नेऊ दिली, आणि या मुलांची वाचनातील प्रगती पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. मुलांनी उचललेल्या पुस्तकांत लोकप्रिय गायक-नटांची छोटी चरित्रे आणि विनोदी कथामालिकाच पुढे होत्या, आणि त्यांतील क्वचितच एखादे शिक्षकाच्या यादीत बसले असते.