वॉल्टर कॉफमन यांचे मुंबईतील तंतुवाद्य-संगीत : एक उपेक्षित अध्याय

आकाशवाणीची पहाटेची संकेतधून निफाडसारख्या गावांतील जुन्या पिढ्यांच्या कानांत आजही आहे. शिवरंजनीच्या स्वरांवर आधारलेल्या या धुनीचे श्रेय सामान्यतः वॉल्टर कॉफमन (१९०७-१९८४) यांना दिले जाते. परंतु ज्याची काही सेकंदांची रचना घरोघरी पोहोचली, त्याच्या तंतुवाद्यांसाठीच्या चौकडींची दखल मराठी संगीतलेखनात अभावानेच आढळते.

बोहेमियातील कार्ल्सबाड येथे जन्मलेले ज्यू संगीतकार कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत आले. जर्मनीत तेव्हा नाझी सत्तारूढ झाले होते. त्याच वर्षी त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिच्या मैफिली होत. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा असत. १९३७ ते १९४६ या काळात कॉफमन मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते.

दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो ही चौकडीची रचना. मराठी श्रोत्यास व्हायोलिन परिचित होते ते साथीचे वाद्य म्हणून, अथवा गजाननराव जोशी यांच्यासारख्यांच्या गायकी अंगाच्या वादनातून. तेथे राग एकाच स्वरधारेत उलगडतो. चौकडीत चार धारा एकमेकींशी बोलतात. येथेच खरी अडचण उद्भवते. शिवरंजनीत मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरसंघात त्याखाली योजले, तर वर्ज्य स्वर मागील दाराने आत येतात आणि रागाचा तोल ढळतो. कॉफमन यांच्या चौकडींत भारतीय वळणाच्या सुरावटी व पुन्हापुन्हा येणारे लयबंध ऐकू येतात. त्यांना रागविस्तार म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु ती निव्वळ पौर्वात्य सजावटही नव्हे. १९६८ मध्ये उत्तर भारतीय रागांवर बृहद्ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या अभ्यासकाची ही पूर्वतयारी होती, असे मानण्यास जागा आहे.

उपेक्षेचे खापर मराठी रसिकांवर फोडणे उचित नाही. जिमखान्याची मैफल मर्यादित वर्तुळाची होती; गिरगाव-दादरच्या गायनसभांचा श्रोता तेथे कसा पोहोचणार? त्यात १९४६ मध्ये कॉफमन यांनी मुंबई सोडली. पुढे कॅनडात विनिपेग येथे त्यांनी वाद्यवृंद सांभाळला व १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापन केले. त्यांच्या सातव्या व अकराव्या चौकडींचे ध्वनिमुद्रण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, तेही टोरोंटोच्या एआरसी आन्सांब्लने केलेले.