‘म्हणे’ : म्हणणारा कुठे गेला?

आज आपण एका साध्या क्रियापदाचा इतिहास पाहणार आहोत : ‘म्हणणे’. दिवसभर आपण ते वापरतो आणि गंमत अशी, की बऱ्याचदा त्यात म्हणणारा माणूसच नसतो. केडगावच्या रस्त्यावर कुणी भेटलं की आपण विचारतो, ‘काय म्हणतेय तब्येत?’ आता तब्येत कुठे बोलते!

हे कसं झालं ते बघायला आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला जाऊ. तिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या काळच्या मराठीत ‘कीजे’ म्हणजे केले जाते, ‘बोलिजे’ म्हणजे बोलले जाते. कर्ता सांगायची गरजच नाही. तसंच ‘म्हणिजे’, म्हणजे म्हटले जाते. त्याचं आपलं ‘म्हणजे’ झालं. ‘म्हणौनि’चं ‘म्हणून’ झालं. दोन्ही शब्द आज वाक्यं जोडायचं काम करतात. त्यांतला बोलणारा कधीच निघून गेला.

‘म्हणे’ची कथा आणखी मजेदार आहे. सतराव्या शतकात ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा अभंगाच्या शेवटी येते. इथे माणूस नाव घेऊन उभा आहे : हे मी म्हणतो. तेवढं नाव काढा, काय उरतं? ‘नळाला पाणी येणार म्हणे.’ कोण म्हणालं, पत्ता नाही! हाच शब्द आता वाक्याच्या तोंडाशी आणा : ‘म्हणे पाणी येणार!’ झाली टवाळी. जागा बदलली, की अफवेची थट्टा होते.

आपल्या जुन्या गद्याने मात्र सांगणाऱ्याला जपलं होतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, त्यातून लीळाचरित्र झालं. त्या परंपरेत एकाच प्रसंगाची वेगळी आठवण आली, तर ती सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदलेली सापडते.

आता जरा लांब, रोमला जाऊ. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी प्लाउटस तिथे विनोदी नाटकं लिहीत होता. लॅटिनमध्ये ‘आइस’ म्हणजे तू म्हणतोस. त्याला प्रश्नाचा ‘ने’ जोडला की ‘आइस्ने’, आणि बोलताबोलता त्याचं झालं ‘आइन’. समोरच्याने काही अचाट सांगितलं, की प्लाउटसचं पात्र विचारतं, ‘आइन?’ आपलं ‘काय म्हणतोस!’ तेच. शब्द झिजला, पण ‘तू’ त्यातून सुटला नाही. बोट अजून बोलणाऱ्याकडेच आहे.

विनोदी नाटकाला हे बोट फार लागतं. आपल्या तमाशातली बतावणी आठवा. सोंगाड्या समोरच्याचा शब्द धरतो, उलटा फिरवतो, परत त्याच्याच गळ्यात घालतो. लोक हसतात, कारण बोलणारा सापडलेला असतो.

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं, तेव्हा या हसण्याला धार आली. त्यात जोशी एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. जोशाचं बळ कशात? बोलतो तो स्वतः, पण नाव ग्रहांचं. ग्रहांना जाब कोण विचारणार? फुल्यांनी तिथे विदूषक आणला. तो प्रेक्षकांना डाव उलगडून दाखवतो आणि ग्रहांच्या आड लपलेला माणूस उघडा पडतो. ते नाटक त्या काळी रंगभूमीवर आलं नाही. छापून यायलाही १९७९ साल उजाडलं, म्हणजे सव्वाशे वर्षं.

तेव्हा मंडळी, व्याकरण ही नुसती शाळेची गोष्ट नाही. कर्ता गळाला, की भाषा सुटसुटीत होते, हे खरं; ‘म्हणजे’ आणि ‘म्हणून’शिवाय आपलं पान हलत नाही. पण त्याबरोबर जबाबदारीही गळते. आज मोबाइलवर दिवसभर जे फिरतं, त्यातलं पुष्कळसं निव्वळ ‘म्हणे’ असतं. पुढे पाठवण्याआधी आपण विदूषकाचं काम करावं आणि विचारावं, ‘कोण म्हणे?’