क्रमांक तोच, कंपनी नवी!

मोबाइलचा क्रमांक आता केवळ संपर्कापुरता उरलेला नाही. बँकेचे खाते, आधार, गॅसची नोंदणी, प्राप्तिकराचे विवरणपत्र अशा असंख्य कामांसाठी लागणारा ओटीपी याच क्रमांकावर येतो. त्यामुळे सेवा कितीही असमाधानकारक असली, तरी क्रमांक बदलावा लागेल या धास्तीने काही ग्राहक जुन्याच कंपनीकडे थांबून राहतात. वास्तविक, क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मात्र त्याचे नियम ठाऊक असणे आवश्यक आहे.

हक्काचा प्रवास

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) यासंबंधीची नियमावली २००९ मध्ये जारी केली. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात ही सुविधा सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून ती देशभर लागू झाली. प्रारंभी ती एकाच दूरसंचार परिमंडळापुरती मर्यादित होती. मुंबई व महाराष्ट्र ही स्वतंत्र परिमंडळे असून गोव्याचा समावेश महाराष्ट्र परिमंडळात होतो. त्यामुळे मुंबईहून नाशिकला बदली झालेल्या ग्राहकाला या सुविधेचा उपयोग नव्हता. ही अडचण ३ जुलै २०१५ पासून दूर झाली.

पद्धत कशी?

इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा अंकी क्रमांक, असा एसएमएस १९०० या क्रमांकावर पाठवावा. ग्राहक अटींची पूर्तता करीत असल्यास त्याला आठ अक्षरे-अंकांचा विशिष्ट कोड (यूपीसी) मिळतो. हा कोड चार दिवस वैध असतो. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्य भारतात ही मुदत ३० दिवसांची आहे. या मुदतीत ओळखपत्र व पत्त्याच्या पुराव्यासह नव्या कंपनीकडे अर्ज करून नवे सिमकार्ड घ्यावे. त्याच परिमंडळात बदल असल्यास तीन, तर अन्य परिमंडळात पाच कामकाजाचे दिवस लागतात. विचार बदलल्यास अर्ज केल्यापासून २४ तासांच्या आत तो रद्द करता येतो.

कोड कधी मिळत नाही?

१६ डिसेंबर २०१९ पासून कोड देण्यापूर्वीच ग्राहकाची पात्रता तपासली जाते. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले नसल्यास, पोस्टपेड बिल मुदत उलटूनही थकलेले असल्यास, क्रमांकाच्या मालकीत बदल सुरू असल्यास किंवा क्रमांकाचे प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यास कोड मिळत नाही. त्यात १ जुलै २०२४ पासून आणखी एका अटीची भर पडली. हरवलेल्या वा बंद पडलेल्या सिमच्या जागी नवे सिम घेतल्यानंतर सात दिवस कोड दिला जात नाही. दुसऱ्याच्या नावाचे सिम लबाडीने मिळवून तो क्रमांक लगोलग अन्य कंपनीकडे नेण्याच्या प्रकारांना आळा घालणे, हा त्यामागील हेतू आहे.

काळजी हवीच

प्रीपेड ग्राहकाची शिल्लक रक्कम व उरलेली वैधता नव्या कंपनीकडे जात नाही. त्यामुळे मोठे रिचार्ज संपत आल्यावरच अर्ज करणे हिताचे ठरते. पोस्टपेड ग्राहकाने जुन्या कंपनीचे अखेरचे बिलही भरावे. ते थकल्यास नव्या कंपनीकडील सेवाही खंडित होऊ शकते. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी काही तास सेवा बंद राहते. त्या दिवशी बँकेचे महत्त्वाचे व्यवहार टाळावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा कोड फोनवर कोणालाही सांगू नये. आपण मागितलेला नसताना कोडचा एसएमएस आला, किंवा फोनवरील सेवा अकस्मात बंद पडली, तर विनाविलंब कंपनीशी व बँकेशी संपर्क साधावा. क्रमांक परक्या हाती गेला, तर त्यावर येणारा प्रत्येक ओटीपीही त्याच हाती पडतो.