सप्टेंबरमधला पावसाचा खंड: 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे नेमका किती?

पोळा होतो, गणपती येतात, तरी आभाळ कोरडंच. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळेला जमिनीला भेगा पडू लागतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवा स्क्रीनशॉट फिरतो: 'अमुक तारखेपासून राज्यात पाऊस परतणार'. तारीख येते, शेजारच्या तालुक्यात सर पडते, आपल्या शिवारात मात्र थेंब नाही. मग 'अंदाज चुकला' म्हणून हवामान खात्याचा उद्धार होतो. अनेकदा अंदाज बरोबर असतो, फक्त त्यातल्या शब्दांचा अर्थ वेगळा असतो.

'तुरळक' हा मोजलेला शब्द आहे

भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात 'तुरळक ठिकाणी' हा शब्द सहज लिहिलेला नसतो. एखाद्या विभागातल्या पावसाच्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस होणार असेल, तर तो तुरळक. ४० केंद्रं असतील, तर फार तर दहा. उरलेल्या तीस ठिकाणी कोरडं राहिलं तरी अंदाज बरोबर ठरतो. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक केंद्रांवर. खंड मोडणार का, हे बघताना हाच शब्द शोधावा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या मोजणीत एखाद्या केंद्रावर २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरी तिथे 'पाऊस झाला' असं धरतात. तीन आठवडे तापलेल्या काळ्या जमिनीला अडीच मिलिमीटरने धूळ बसते, मुळाला काही मिळत नाही.

यलो अलर्टचंही असंच. सप्टेंबरमध्ये तो बऱ्याचदा विजांसाठी आणि सोसाट्याच्या वाऱ्यासाठी असतो. नकाशावर जिल्हा पिवळा दिसला की 'मुसळधारचा इशारा' अशी पोस्ट फिरते, पण मूळ पत्रकात 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस' एवढंच लिहिलेलं असतं. हवामान विभागाच्या भाषेत 'जोरदार' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त.

आणखी एक गोंधळ 'महाराष्ट्रात पाऊस' या शब्दांचा. हवामान विभाग राज्याकडे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ अशा चार तुकड्यांत पाहतो. कोकणात धो-धो आणि बीडमध्ये ऊन हे एकाच दिवशी, एकाच अंदाजात असू शकतं.

पाऊस जातो कुठे?

उत्तर भारतातून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याला मान्सूनचा आस म्हणतात. तो नेहमीच्या जागी असला की मध्य भारतात पाऊस होतो. तो हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की महाराष्ट्र कोरडा पडतो आणि हिमाचल, उत्तराखंडात दरडी कोसळतात. २०२३च्या ऑगस्टमध्ये हेच दिसलं. त्यात प्रशांत महासागरात एल निनो होता.

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात. त्यामुळे तिथला मोठा, सर्वदूर पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होऊन ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ असा पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर बराच अवलंबून असतो. असं क्षेत्र तयार झालं का आणि ते उत्तरेला वळणार की पश्चिमेला, हे खंडाच्या काळात ढगांच्या फोटोपेक्षा कितीतरी उपयोगी. ते नसेल, तर उरतो तो दुपारच्या उकाड्यानंतरचा वळवासारखा पाऊस, एका गावाला भिजवून दुसरं कोरडं सोडणारा.

सरासरी भरते, शेत भरत नाही

२०२३चा ऑगस्ट हा १९०१पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. सप्टेंबरमध्ये चित्र पालटलं आणि महिन्याचा पाऊस सरासरीच्या ११३ टक्के झाला. २३ सप्टेंबरला नागपुरात तर काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस होऊन अंबाझरी परिसरातल्या वस्त्यांत पाणी शिरलं. हंगाम संपला तेव्हा देशाचा आकडा ९४ टक्के होता आणि महाराष्ट्राच्या चारपैकी एकही विभाग 'तुटीचा' नव्हता. कारण सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पाऊस झाला तरी विभाग 'सामान्य' या वर्गातच राहतो.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २४ तालुक्यांत तो गंभीर स्वरूपाचा होता, १६ तालुक्यांत मध्यम.

यात विसंगती नाही. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना सोयाबीनला पाणी मिळालं नाही, तर फुलं गळतात, दाणा बारीक राहतो. नंतरच्या पावसाने आकडा भरून निघतो, दाणा नाही. तूर मात्र उशिरापर्यंत शेतात असते, तिला तोच पाऊस वाचवतो. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेतही म्हणूनच एकूण पावसासोबत खंड, जमिनीतला ओलावा आणि पिकाची स्थिती पाहिली जाते.

पीक विम्यातही खंडाला थेट किंमत होती. २०२३मध्ये २१ दिवसांहून जास्त खंड पडलेल्या महसूल मंडळांसाठी 'मध्य हंगाम प्रतिकूल परिस्थिती'खाली २५ टक्के अग्रिम देण्याच्या अधिसूचना जिल्हाधिकाऱ्यांनी काढल्या होत्या. २०२५च्या खरिपापासून राज्याने योजना बदलली. भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून ठरते. जुन्या पोस्ट अजून फिरतात, त्यांवर विसंबून राहू नये.

मग बघायचं काय?

पहिल्या पाच दिवसांसाठी जिल्हानिहाय अंदाज. त्यापुढचं चित्र दर गुरुवारी येणाऱ्या विस्तारित अंदाजात असतं, पण तो आठवड्याचा कल सांगतो, तारीख नाही. पंधरा दिवसांनंतरच्या पावसाची तारीख आणि तालुका सांगणारा संदेश कितीही आत्मविश्वासाने लिहिलेला असो, त्यामागे तेवढं शास्त्र नसतं. प्रत्यक्ष किती पडला, हे मंडळनिहाय 'महारेन'वर दिसतं.

शेतकऱ्यासाठी सर्वांत कामाचा, आणि सर्वांत कमी शेअर होणारा, कागद म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला. विहिरीत थोडं पाणी असेल, तर ते शेंगा भरतानाच संरक्षित पाणी म्हणून तुषारने द्यावं, हलक्या जमिनीला आधी. मुरमाड रानात पीक सुकायला लागतं तेव्हा भारी जमिनीत अजून ओल असते. पाणीच नसेल, तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच्या फवारणीचा असतो, दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम. त्याने पीक काही दिवस तग धरतं.

परतीचा मान्सून पश्चिम राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला निघतो आणि मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास. 'परतीचा प्रवास सुरू' ही बातमी आली म्हणजे महाराष्ट्रातला पाऊस संपला असं नाही. उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर मराठवाड्यातली रब्बीची ज्वारी ठरते, ती याच तीन आठवड्यांत.

त्यानंतरची तारीख १५ ऑक्टोबर. त्या दिवशी जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा नियम लागू होतो. २०२३मध्ये तो लागू झाला, ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला.